पहाटेच दम का लागतो?

प्रश्न: बाबांना दमा आहे, पहाटे ४ ला खोकत उठून बसतात, पण दुपारी डॉक्टरकडे नेलं की छाती एकदम क्लिअर, असं का?

उत्तर: अहो, बाबांचं खरंच आहे. श्वासनळ्या दुपारी ४ च्या सुमारास सगळ्यात मोकळ्या आणि पहाटे ४ च्या आसपास सगळ्यात आखडलेल्या, हे सगळ्यांचंच असतं, पण दम्यात हा फरक खूप वाढतो, रात्री कॉर्टिसॉल (सूज आटोक्यात ठेवणारं शरीरातलं हार्मोन) कमी होतं, नळ्यांची सूजही वाढते. पीक फ्लो मीटर (फुंकलेल्या हवेचा वेग मोजायचं छोटं यंत्र) आणा, सकाळी औषधाआधी आणि संध्याकाळी ३-३ वेळा जोरात फुंकायला लावा, सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहा, दोन आठवड्यांनी तीच वही डॉक्टरांना दाखवा. सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांतला रोजचा फरक सरासरी १०% च्या वर असेल तर तो जास्तच. आणि ही रात्रीची जाग अंगावर काढू देऊ नका प्लीज, औषध बदलावं लागू शकतं.