वेब समिटला चौघे जाणार असाल, तर दिवसभर वेगवेगळे फिरा

नोव्हेंबरमध्ये पोर्तुगालची राजधानी लिस्बनला भरणाऱ्या वेब समिट या तंत्रज्ञान परिषदेसाठी कंपनी तुमच्यासह चौघांना पाठवत आहे आणि तिथे एकत्र राहावे की आपापले फिरावे, असे तुम्ही विचारले आहे. पुण्यातल्या एका लहान मराठी डिजिटल माध्यमसंस्थेतून आम्हीही चौघेच गेलो होतो. त्या अनुभवावरून सांगतो, की दिवसा अगदी ठरवून वेगळे व्हा आणि रात्री कितीही दमलात तरी एकत्र बसा.

ही परिषद डब्लिनमध्ये सुरू झाली आणि २०१६ पासून लिस्बनला भरते. अलीकडे तिथे ७० हजारांच्या आसपास माणसे येतात. मुख्य व्यासपीठ एका प्रचंड बंदिस्त अरेनात असते आणि कंपन्यांची मांडणी शेजारच्या प्रदर्शन दालनांत. इतक्या गर्दीत नवखा माणूस साहजिकच ओळखीच्या चेहऱ्यांना धरून राहतो. आम्हीही पहिल्या दिवशी तेच केले. एकाच रांगेत बसून चौघांनी तीच भाषणे ऐकली आणि संध्याकाळी जेवायला बसल्यावर एकमेकांना सांगण्यासारखे कोणापाशीच काही उरले नव्हते. मोठ्या व्यासपीठावरची बरीच भाषणे पुढे यूट्यूबवर मिळतात. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचे २०१८ मधले किंवा फेसबुकमधील कागदपत्रे उघड करणाऱ्या फ्रान्सिस हॉगेन यांचे २०२१ मधले उद्घाटनाचे सत्र आजही घरी बसून ऐकता येते. त्यासाठी चौघांचे चार दिवस खर्ची घालू नयेत.

घरी बसून जे मिळत नाही, ते प्रदर्शन दालनांत असते. तिथे लहान स्टार्टअपना मांडणीसाठी बहुधा एकच दिवस मिळतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेबलामागे वेगळीच कंपनी उभी असते, त्यामुळे ‘उद्या निवांत येऊ’ म्हणून पुढे गेलात तर ती माणसे पुन्हा भेटत नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही दालने वाटून घेतली. आमच्या चित्रफितींची उपशीर्षके सांभाळणारी सहकारी एका जेमतेम दोन हात रुंद टेबलापाशी थांबली. तिथे एस्टोनियाच्या दोन तरुणी बोललेल्या एस्टोनियन भाषेचे आपोआप लेखन करणारी प्रणाली दाखवत होत्या. मराठी किती लोक बोलतात, असे त्यांनी विचारले. २०११ च्या जनगणनेनुसार आठ कोटी तीस लाख, हे उत्तर ऐकून त्या थक्क झाल्या, कारण त्यांच्या सबंध देशाची लोकसंख्या चौदा लाखांच्या आत आहे. मग त्यांनी कळकळीने सांगितले, की सॉफ्टवेअर दरवर्षी बदलेल, पण मूळ ध्वनिमुद्रण आणि त्याची शब्दशः लिहिलेली संहिता यांची जोडी एकदा हातची गेली की परत मिळत नाही. आम्ही तोवर संपादन झाले की मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकत होतो. वऱ्हाडी आणि मालवणी बोलणाऱ्या वृद्धांच्या कितीतरी मुलाखती अशा गेल्या, याचे मला आजही फार वाईट वाटते. त्या रात्री तिने हे सांगितले आणि आम्ही तिथूनच कार्यालयाला पुसणे थांबवायला कळवले.

रात्रीच्या बैठकीत प्रत्येकाने दहा मिनिटे बोलावे आणि कोणाला काय पाठवायचे कबूल केले, ते त्या व्यक्तीच्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे त्याच दिवशी लिहावे. लिस्बन त्या काळात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते; तिथे सकाळचे दहा वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचे साडेतीन झालेले असतात आणि कार्यालयाचे फोन नेमके सत्रांच्या वेळी येतात. ते घेण्याची पाळी रोज एकाकडेच ठेवा, म्हणजे बाकीचे तिघे मोकळे राहतात.

व्हिसाची घाई आताच करा. पोर्तुगालला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आम्ही उशिरा अर्ज केल्यामुळे एकाचा पासपोर्ट निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हाती आला होता. विमानतळावरून लाल मार्गिकेच्या मेट्रोने तिसरे स्थानक ओरिएंत. तिथून परिषदेची जागा पायी गाठता येते.

बोलायला संकोच वाटला, तर पोर्तुगीज आपल्याला वाटते तितकी परकी नाही. हॉटेलातल्या मुलीने खोलीची किल्ली देताना ‘शाव्ह’ म्हटले आणि आमच्यातला सावंतवाडीचा सहकारी चटकन म्हणाला, ‘अहो, ही तर आपली चावी!’ मग बटाटा, पाव, साबण असे एकेक शब्द निघत गेले, आणि पुढचे तीन दिवस अनोळखी माणसांशी गप्पा सुरू करायला तेवढे पुरले.

परतल्यावर पहिल्याच आठवड्यात कबूल केलेली पत्रे पाठवा. आम्ही त्या एस्टोनियन तरुणींना मालवणीच्या, पुसण्यातून बचावलेल्या अकरा ध्वनिफिती पाठवल्या होत्या. त्यांनी त्या चालवून पाहून कुठे चुका होतात ते सविस्तर कळवले आणि तो पत्रव्यवहार अजून चालू आहे.