वाग्नरचं संगीत आवडतं, पण तो ज्यूद्वेष्टा होता. ऐकणं बंद करावं का?

तुम्ही लिहिलंय की वर्षभरापासून वाग्नरने, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या त्या जर्मन ऑपेरा-संगीतकाराने, तुम्हाला वेड लावलंय. तुमच्या ज्यू मैत्रिणीला हे कळलं तेव्हा ती एकदम गप्प झाली आणि विषय बदलला. तेव्हापासून हेडफोन लावतानाही काहीतरी चोरून केल्यासारखं वाटतं, म्हणून आता ऐकणं सोडून द्यावं का, असं तुम्ही विचारताय.

माझं उत्तर आधीच सांगते. सोडू नका, ऐका. पण तिच्या गप्प होण्यावर तोडगा काढायला जाऊ नका. हे दोन्ही एकत्र कसं नांदतं ते मला उमजायला बराच काळ लागला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मूळची अलिबागची, नऊ वर्षं जर्मनीत, लाइपझिगमध्ये राहते. वाग्नर इथलाच, जन्म १८१३ चा. संध्याकाळी मी ज्या रस्त्याने फिरायला जाते, तिथे पंधरा मिनिटांत तुमचा सगळा प्रश्न उभा आहे. संगीतकार बाख जिथे काम करायचा त्या थॉमस चर्चजवळ मेंडेल्सझोन या दुसऱ्या संगीतकाराचा पुतळा आहे. तो २००८ साली उभारलेला, म्हणजे मूळ पुतळ्याची प्रतिकृती. मूळ पुतळा गेवांडहाउस या प्रसिद्ध संगीतगृहासमोर होता. मेंडेल्सझोन जन्माने ज्यू, म्हणून नाझींनी तो नोव्हेंबर १९३६ मध्ये रात्रीतून उखडला. महापौर गोर्डेलर तेव्हा गावात नव्हते. परत आल्यावर त्यांनी पुतळा पुन्हा उभारायचा आग्रह धरला, कुणी दाद दिली नाही आणि त्यांनी राजीनामा दिला. पुढे हिटलरविरोधी कटात सामील होते म्हणून १९४५ साली त्यांना फाशी झाली.

तिथून रस्ता ओलांडला की एका मोकळ्या जागेत ब्राँझच्या १४० रिकाम्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या दिसतात. इथे मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर होतं, नाझींनी ते नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळलं. पावसात त्या खुर्च्यांवर पाणी साचतं. कधी कुणी प्रवासी दमून एखादीवर टेकतो आणि पाटी वाचली की उठून उभा राहतो.

आणि पुढे, चालत पाच-सात मिनिटांवर, वाग्नर. २०१३ साली, त्याच्या जन्माला दोनशे वर्षं झाली तेव्हा बसवलेला. माणसाच्या उंचीचा, रंगवलेला, तरुण वाग्नर आणि त्याच्या पाठीशी दुपटीहून उंच काळी सावली, म्हाताऱ्या वाग्नरची. शिल्पकाराने सावली झाकली नाही, माणूसही झाकला नाही. मला तो पुतळा फार आवडतो. वाग्नर ऐकताना मनात नेमकं जे होतं, ते तिथे उभं केलेलं आहे.

आता सावलीबद्दल. वाग्नरने १८५० साली ‘संगीतातील ज्यूपण’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख टोपणनावाने छापला. मेंडेल्सझोनला जाऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. लेखातलं म्हणणं थोडक्यात असं: ज्यू माणूस ज्या देशात राहतो तिथली भाषा तो परकी भाषा शिकावी तशी बोलतो, म्हणून त्या भाषेत आणि तिच्या संगीतात त्याला फक्त नक्कल जमते, हृदयाला हात घालणारं काही जमत नाही. मेंडेल्सझोनकडे बुद्धी होती, शिक्षण होतं, तरी तो आतून रिकामाच, असा त्याचा निवाडा.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर दोन बाजूंनी आलं. एक तर मी जर्मन तिशीत शिकले, आणि ती शिकलेली आहे हे बेकरीतसुद्धा कळतं. दुसरं म्हणजे मी अलिबागच्या इस्रायल आळीजवळ वाढले. आमच्याकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, ज्यांना जुनी माणसं शनिवार तेली म्हणत, ते किती तरी पिढ्यांपासून मराठीच बोलत आले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी आपल्या धर्मग्रंथातल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली. त्यांच्या मराठीला उसनी म्हणायची कुणाची छाती होती? शेजारच्या आजी माझं व्याकरण सुधारायच्या.

‘तो काळच तसा होता’ ही सबब मला पटत नाही, तुम्हीही ती वापरू नका. हाच लेख वाग्नरने १८६९ साली वाढवून, या वेळी स्वतःच्या नावाने, पुन्हा छापला. तोवर त्याला भरपूर नाव मिळालं होतं, नडलेला नव्हता. ज्या मायरबेअरवर त्याने चिखल उडवला, त्याच ज्यू संगीतकाराने वाग्नरच्या पडत्या काळात त्याच्या ऑपेरासाठी शब्द टाकला होता. वाग्नरच्या ‘पार्सिफाल’ या ऑपेराचा १८८२ चा पहिला प्रयोग हेर्मान लेवीने संचालित केला. लेवी एका रब्बीचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा मुलगा, आणि त्याने बाप्तिस्मा घ्यावा म्हणून वाग्नर मागे लागला होता. लेवीने धर्म बदलला नाही, प्रयोग उत्तम केला, आणि पुढच्याच वर्षी वाग्नरच्या शवपेटीला खांदा दिला. लेवीच्या मनात काय चाललं असेल याचा विचार मी अनेकदा करते.

हिटलर जन्मला तो वाग्नर गेल्यावर सहा वर्षांनी. तरीही वाग्नरच्या घराण्याने त्याला वाग्नरच्या ऑपेरांच्या बायरॉइट महोत्सवात मानाने मिरवलं, आणि न्यूरेंबर्गच्या नाझी अधिवेशनांना वाग्नरच्या ‘माइस्टरझिंगर’ या ऑपेराचे सूर जोडले गेले. संगीताला हा डाग वाग्नर मेल्यानंतर लागला, पण लावणाऱ्यांना हाताशी लागेल असं बरंच काही वाग्नर स्वतःच लिहून गेला होता.

मग ऐकायचं का? २०२२ च्या उन्हाळ्यात इथल्या ऑपेराने वाग्नरचे तेराच्या तेरा ऑपेरा ओळीने केले. मी त्यातल्या ‘ट्रिस्टान आणि इझोल्ड’ला गेले. अंधार झाला आणि चेलोंनी एक स्वर धरला, तिथून वर झेप घेतली, मग अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरू लागले. उतरता उतरता ओबो आणि क्लॅरिनेट येऊन मिळाले, आणि तो प्रसिद्ध स्वरमेळ लागला, जो कुठे टेकतच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर गायकाने निषादावर थांबावं आणि षड्ज लावूच नये, तसं. तो षड्ज जवळजवळ चार तासांनी, नायिका इझोल्डच्या अगदी शेवटच्या गाण्यानंतर लागतो. माझ्या शेजारचे अनोळखी गृहस्थ तेव्हा डोळे पुसत होते. माझंही काही वेगळं नव्हतं. आणि मध्यंतरात मी खालच्या वादकांकडे पाहत होते, तेव्हा एकदम लक्षात आलं: इथल्या ऑपेरात गेवांडहाउसचाच वाद्यवृंद वाजवतो. मेंडेल्सझोनने १८३५ पासून घडवला तोच.

ते ऐकताना मी ज्यूद्वेष ऐकत नव्हते. पण वाग्नरच्या सगळ्याच कामाबद्दल मी असं छातीठोकपणे सांगणार नाही. ‘रिंग’ या चार ऑपेरांच्या मालिकेतला मीमे, ‘माइस्टरझिंगर’मधला बेकमेसर, ही पात्रं ज्यूंची टिंगल आहेत की नाहीत यावर अभ्यासक अजून भांडतात. संगीतकार आणि संचालक मालर स्वतः ज्यू होता, त्याला मीमेमध्ये ती टिंगल स्पष्ट दिसत होती, आणि तरी वाग्नरचे ऑपेरा संचालित करताना तो जीव ओतायचा. ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राची चळवळ उभारणाऱ्या हर्झ्लने त्या राष्ट्राचं पुस्तक लिहिताना पॅरिसमध्ये संध्याकाळी वाग्नरचं ‘टानहॉयझर’ ऐकलं; ज्या दिवशी ऑपेरा नसे त्या दिवशी आपल्याच कल्पनेबद्दल शंका येई, असं त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे हे संगीत आवडणाऱ्यांच्या रांगेत तुमच्या आधी बरेच ज्यू उभे आहेत. मात्र हे वाक्य मैत्रिणीसमोर म्हणू नका. का, ते पुढे सांगते.

इस्रायलमध्ये वाग्नरवर कायद्याने बंदी नाही, पण तो सहसा वाजत नाही. पॅलेस्टाइन ऑर्केस्ट्राने, म्हणजे आजच्या इस्रायल फिलहार्मोनिकने, नोव्हेंबर १९३८ मधल्या जर्मनीतल्या ज्यूंवरच्या हल्ल्यांची बातमी आल्यावर ‘माइस्टरझिंगर’ कार्यक्रमातून काढलं, तेव्हापासूनचा हा रिवाज. १९८१ साली तो मोडायचा प्रयत्न आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी केला. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी सांगितलं की आता ‘ट्रिस्टान’चा शेवट वाजवणार आहोत, ज्यांना नको असेल त्यांनी जावं. वादन सुरू झालं, आणि नाझींच्या छळातून वाचलेला, सभागृहात काम करणारा एक माणूस व्यासपीठापाशी आला आणि सदरा उघडून अंगावरचे व्रण दाखवू लागला. २००१ मध्ये ज्यू संचालक बारेनबोइमनी जेरुसलेममध्ये आधी श्रोत्यांशी अर्धा तास चर्चा केली आणि मगच ‘ट्रिस्टान’चा आरंभ वाजवला. काही जण दारं आपटत गेले, बाकीच्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पूर्वी मी पूर्णपणे बारेनबोइमच्या बाजूची होते. मग आमच्या इमारतीत एक गोष्ट घडली. जुलैचे दिवस, खिडक्या उघड्या, आणि मी ‘ट्रिस्टान’ मोठ्याने लावलेलं. वरच्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या. त्या मूळच्या ओडेसाच्या, नव्वदच्या दशकात पूर्वीच्या सोव्हिएत युनियनमधून अनेक ज्यू कुटुंबं इथे आली त्यांतल्या. दारातच म्हणाल्या, “तुम्ही हे ऐकता तेव्हा खिडकी लावाल का?” मी लगेच माझं पाठांतर सुरू केलं: तो तर १८८३ मध्येच गेला, हिटलर तेव्हा जन्मलाही नव्हता. त्यांनी मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाल्या, “मला तारखा माहीत आहेत.” आणि जिना चढून गेल्या.

त्या बंदी मागायला आल्या नव्हत्या, माझी आवड चुकीची आहे असंही म्हणाल्या नाहीत. खिडकी लावा म्हणाल्या. मी मात्र त्यांना त्यांच्याच दुखण्याचा इतिहास शिकवायला निघाले होते. आजही आठवलं की लाज वाटते. दुसऱ्या दिवशी वर जाऊन माफी मागितली, त्यांनी चहा पाजला, वाग्नरचं नाव दोघींनीही काढलं नाही.

तर तुमच्या मैत्रिणीला मालर आणि हर्झ्ल सांगू नका. आवडत नाही असं खोटंही बोलू नका. ते तिला कळेल आणि जास्त लागेल. गाडीत ती असेल तेव्हा लावू नका, तुमच्या लग्नात ‘लोहेनग्रिन’मधला तो सगळीकडे वाजणारा वधूप्रवेश नको. कधी तिने स्वतःहून विचारलं की तुला त्यात काय सापडतं, तर चेलोंपासून सुरुवात करा, आणि तो लेख वाचला आहे हेही सांगा. नसेल वाचला तर आधी वाचा, छोटाच आहे. तिने कधीच विचारलं नाही तर तेही तिच्यावर सोडा.

आमच्याकडे या जुलैत पारा ३४ अंशांवर गेला. रविवारी दुपारी मी ‘ट्रिस्टान’ काढलं, खिडकी लावली आणि पंखा सुरू केला.