रबराच्या चिकाचं अॅसिड हातावर उडतं, काय करू?

प्रश्न: आमची दोडामार्गला रबराची थोडी झाडं आहेत. चीक गोठवायला मिस्टर फॉर्मिक अॅसिड वापरतात, परवा मनगटावर उडालं आणि पांढरा चट्टा पडला. हे एवढं डेंजर असतं का?

उत्तर: हो ताई, असतं. मुंगी चावल्यावर जी आग होते ना, तिच्यात हेच अॅसिड असतं, पण तुमच्या कॅनमधलं बहुतेक 85 टक्क्यांचं असणार, म्हणजे कातडी जाळणारंच, आणि डोळ्यात गेलं तर नजर जाऊ शकते. उडालं की लगेच नळाखाली धरायचं, चांगली 20 मिनिटं, हळद, टूथपेस्ट, सोडा काहीही चोळायचं नाही. डोळ्यात गेलं तर धुवून थेट डॉक्टरकडे. पांढरा चट्टा म्हणजे भाजलेलंच आहे, तोही आजच दाखवा. पातळ करताना आधी बादलीत पाणी आणि मग त्यात हळूहळू अॅसिड, उलटं कधीच नको, तेही उघड्यावर, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, कारण वाफेनेही घसा जळतो. आणि प्लीज, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ते कधीच भरून ठेवू नका, पोरं तहानेला सरळ तोंडाला लावतात. चुकून कोणी प्यायलंच तर उलटी काढू नका, तोंड धुवून तडक हॉस्पिटल गाठा.