हेस्टिंग्जला येताना: बॅगेत काय, फडताळात काय

बाय, तुझा मेसेज दोनदा वाचला. सप्टेंबरात तुम्ही तिघं, तू, नवरा आणि चार वर्षांची लेक, इथे न्यूझीलंडला, हेस्टिंग्जला येताय. माणशी २३ किलोची एक बॅग. घरून खायचं काय आणू, आल्यावर घरात काय भरून ठेवू, आणि तिकडे भूकंप-वादळं होतात म्हणे तर त्यासाठी वेगळं काय करू, असं विचारलं आहेस. मी आंजर्ल्याची, तू गुहागरची, आणि शेजारच्या नेपियरमध्ये मला आता अकरा वर्षं होतील. तेव्हा आपल्या भाषेत सांगते. तुला बेगमी करायची आहे, आणि ती तुला येते. पाऊस कधी लागणार ते इथलं पंचांग सांगत नाही, एवढाच फरक.

आधी माझी फजिती ऐक. १४ फेब्रुवारी २०२३ ला इथे गॅब्रिएल वादळ आलं. नद्यांनी काठ सोडले, पूल वाहून गेले, विजेच्या उपकेंद्रात पाणी शिरलं आणि अख्खं नेपियर काळोखात. हेस्टिंग्जला जायचे रस्तेही बंद. आमच्या घरी वीज यायला पाच दिवस लागले. मोबाइल गेले, त्याबरोबर दुकानातली कार्डाची मशीनं गेली. माझ्या पाकिटात मोजून सात डॉलर होते, कारण इथे रोख पैसे कुणी बाळगतच नाही. फ्रीझर मात्र गच्च भरलेला: मासे, खवलेला नारळ, मोड आलेली कडधान्यं, वाटण. घरात शेगडी विजेची. डाळ-तांदूळ भरपूर, पण शिजवायचे कशावर? तिसऱ्या दिवशी फ्रीझरमधलं पाणी फरशीवर आलं तेव्हा मी रडले, खोटं कशाला सांगू.

आठवड्यानं आईशी बोलणं झालं तर ती म्हणते, "अगो, घरात पोहे नव्हते?"

तिला विचारायचा अधिकार होता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची वाडी गेली. माड, पोफळी आडव्या, घरावरची कौलं उडालेली, आणि वीज कित्येक आठवडे नव्हती. पण वादळ आलं ते मृगाच्या चार दिवस आधी, म्हणजे तिची बेगमी पुरी झालेली. तांदूळ भरलेले, कुळीथ दळून ठेवलेला, हर्णैच्या बाजारातून आणलेली सुकट डब्यात, खारातल्या कैऱ्या, सोलं, आगळ, आठळ्या, मिरगुंडं, पडवीत सरपण आणि शेणी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, रस्ते कधी तुटतील सांगता येत नाही, म्हणून दोन महिने दारातून बाहेर न पडता घर चालावं असा तो हिशोब. तो हिशोब मला लहानपणापासून पाठ होता. इथे चार पावलांवर सुपरमार्केट मिळालं आणि मी तो विसरले.

आता बॅगेचं. न्यूझीलंडला बाहेरचं खाणं-बी-बियाणं फार बारीक तपासतात, कारण इथली सगळी शेती आणि बागा त्यावर उभ्या आहेत. विमानतळावर उतरण्याआधी फोनवर घोषणापत्र भरायचं असतं. त्यात "अन्न आहे" ला हो म्हण. आगळाची बाटली असो की लेकीची बिस्किटं, हो म्हण. सांगितलंस तर फार तर वस्तू काढून घेतील. न सांगता सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. मन द्विधा झालंच तर तपासणीच्या आधी टाकून द्यायला पेट्या ठेवलेल्या असतात, तिथे बिनबोभाट टाकता येतं.

मध अजिबात आणू नकोस. ताजा कढीपत्ता, अळूची पानं, फळं, पेरायचं बी, तेही नको. खवा, पेढे, मटणाचं काही, या भानगडीत पडूच नकोस. घरचं लोणचं आणि घरचा मसाला प्रेमानं देतील सगळ्या मावश्या. पण लेबल नसलेल्या पुडीत काय आहे हे त्या अधिकाऱ्याला कळायला मार्ग नसतो. बंद पाकिटातलं, नाव छापलेलं सामान सोपं जातं. मी काय करते सांगू? खायचं सगळं एकाच बॅगेत, वरच्या बाजूला, आणि सोबत इंग्रजीत हाताने लिहिलेली यादी. पाच मिनिटांत सुटका होते. नियम बदलतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर एकदा बघून घे.

म्हणजे जागा कशाला द्यायची? इथे मिळत नाही किंवा मिळतं ते तोंडात धरवत नाही अशा गोष्टींना: आमसुलं, मेतकूट, तिरफळं, मालवणी नाहीतर तुमच्याकडे लागतो तो मसाला, नाव छापलेल्या बंद पाकिटातला, कुळथाचं पीठ. बस्स. सात-आठ किलोच्या वर जाऊ नकोस. तांदूळ, डाळी, रवा, साखर हे ओझं वाहून आणणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि तेच सगळं इथल्या भारतीय दुकानात पाच-दहा किलोच्या पिशव्यांत रचून ठेवलेलं असतं. सुकट आणायचा मोहही आवर. इथल्या चिनी आणि फिलिपिनो दुकानांत सुकी बारीक कोळंबी आणि मांदेलीच्या जातकुळीचे सुके मासे मिळतात. भाजून, कांदा-खोबरं घालून किसमूर केलंस तर आपल्या जवळ्याची आठवण येते. अगदी जवळा नव्हे, पण भाताबरोबर जातं.

एक दुकान मात्र नक्की शोध, आणि ते भारतीय नाही. समोआ, टोंगा, फिजी इथल्या बेटकऱ्यांचं दुकान. तिथे नारळ, नारळाच्या दाट रसाचे डबे आणि फ्रोझन अळूची पानं मिळतात. ते त्या पानांत नारळाचा रस घालून शिजवतात, आपण वड्या करतो. कोकणी माणसाला इथे सगळ्यात जवळचं स्वयंपाकघर त्यांचं आहे असं माझं मत झालंय. त्यांचं अळू खाजरं असू शकतं, आंबट घालायला कचरू नकोस आणि नीट शिजव.

आल्या आल्या घरात भरायचं ते दोन फेऱ्यांत भर. पहिल्या फेरीत पंधरा दिवसांचं, कारण घर कसं आहे ते कळायचं असतं. इथली जुनी लाकडी घरं हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टात, ओल धरतात. सप्टेंबरात थंडी पुरती गेलेली नसते. एखाद्या फडताळाची मागची भिंत ओलसर असते, तिथे पीठ ठेवलंस की बुरशी. आपल्याकडे पावसात मीठ पाझरतं तसं इथे जुलैत पाझरतं! घट्ट झाकणाचे डबे घे, आणि बाहेरच्या भिंतीला लागून काही ठेवू नकोस.

दुसऱ्या फेरीत महिन्याचं भर आणि मग कायम महिन्याचं पुढे राहा. तिघांना, भात खाणाऱ्या घराला, दहा किलो तांदूळ साधारण महिना-सव्वा महिना जातात. पांढरा किंवा उकडा तांदूळ कोरडा ठेवला तर वर्षाहून जास्त टिकतो. हातसडीचा मात्र सहा महिन्यांत संपव, कोंड्यातल्या तेलाला खवट वास येतो. उकडा हवा तर श्रीलंकन किंवा दक्षिण भारतीय दुकानात विचार. कणीक दोन महिन्यांची घेऊ नकोस. पिठं आणि रवा आणल्या आणल्या चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भर, म्हणजे अंडी मरतात आणि पुढे टोके होत नाहीत. आई डाळींना एरंडेलाचा हात लावते, बिब्बे घालते. त्यापेक्षा मला हे सोपं वाटतं.

तूरडाळ घेच, पण तिच्याइतकीच मसूरडाळ घे. कुठल्याही सुपरमार्केटात मिळते आणि कुकरशिवाय वीसेक मिनिटांत शिजते. हे "कुकरशिवाय" फार कामाचं आहे, आता तिकडेच येते.

तुझा तिसरा प्रश्न होता भूकंप-वादळासाठी वेगळं काय करू, म्हणजे खाण्याची वेगळी पेटी भरून ठेवू का. मी ती पेटी केली होती, गॅब्रिएलनंतर लगेच, घाबरून. नूडल्स, चॉकलेटच्या वड्या, कसले कसले डबे. दोन वर्षांनी उघडली तर निम्म्यांची तारीख उलटून गेलेली आणि उरलेलं घरात कुणी खायला तयार नाही. तेव्हा पेटी काढून टाकली. रोज खातो तेच जास्त ठेवते, जुनं पुढे, नवं मागे. फक्त एक चाळणी लावते: यातलं किती न शिजवता खाता येईल, आणि किती दहा मिनिटांच्या आचेत होईल?

ही चाळणी लावलीस की कोकणातलं जेवण कसं उभं राहतं बघ. पातळ पोहे: दडपे पोह्यांना विस्तव लागतच नाही, कांदा, लिंबू, सुकं खोबरं आणि पाण्याचा हबका पुरे. लाह्यांचं पीठ दूध-गुळात कालव, तुझी लेक न कुरकुरता खाईल. कुळथाची पिठी म्हणजे तर अशा दिवसांसाठीच केलेली वाटते: लसणीची फोडणी, पाणी, दोन आमसुलं, पीठ, पाच-सात मिनिटं. मेतकूट आणि तूप असेल तर मऊ भाताला दुसरं काही लागत नाही. यांच्या जोडीला इथल्या डब्यातल्या वस्तू ठेव. बांगड्याच्या आणि सार्डिनच्या डब्यांचं तिखलं बरं होतं, आणि उघडून तसेच खाल्ले तरी चालतात. शिजवलेले छोले, राजमा डब्यातले ठेव. कच्चा राजमा अर्ध्या आचेवर शिजवायला जाऊ नकोस, तो खळखळून उकळला नाही तर पोट बिघडवतो. दुधासाठी पावडर, किंवा फ्रीजबाहेर टिकणारी खोकी. डबे उघडायचं यंत्र हाताचं हवं. विजेचं असतं काही घरांत. हसू नकोस, आमच्याकडे होतं.

फ्रीजचा हिशोब: वीज गेली की दार बंद ठेव. फ्रीज चारेक तास थंड राहतो; भरलेला फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. म्हणजे आधी फ्रीजमधलं, मग फ्रीझरमधलं, शेवटी फडताळातलं. मी उलट केलं होतं, पोहे शोधत बसले आणि सुरमई वाया घालवली. (सुरमई म्हणतेय खरी, इथली कहावाई होती. कालवणाला छान लागते, तुला देईन एकदा.)

पाणी. इथे नळाला चोवीस तास पाणी असतं म्हणून हंडे-कळशा भरायची सवय सुटते. सरकारी सल्ला प्यायला माणशी रोज तीन लिटर, निदान तीन दिवसांचं. तुम्हा तिघांना २७ लिटर झालं. सरबताच्या-सोड्याच्या दोन लिटरच्या चौदा बाटल्या धुऊन भर. दुधाच्या घेऊ नकोस, त्यांचा अंश जात नाही आणि पाणी नासतं. स्वयंपाक आणि धुण्याचं वेगळं. घरात गरम पाण्याची मोठी टाकी असेल, बहुधा १३५ किंवा १८० लिटरची, तर तेही पाणीच आहे; खालचा नळ कुठे आहे तो पहिल्याच आठवड्यात बघून ठेव. बिनवासाचं साधं ब्लीच ठेव. शंकास्पद पाण्याला लिटरमागे पाच थेंब, मग अर्धा तास थांबायचं. ते वास मारतं, पण चालतं.

आणि आच. गावी चूल होती म्हणून आई तगली. इथे अंगणात बार्बेक्यू ठेवायची रीत आहे, त्याला नऊ किलोची गॅसची बाटली लागते, पेट्रोलपंपावर भरून मिळते. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरपुढे लहान, पण आठवडा निघतो. तेही परवडत नसेल तर छोट्या डब्यांवर चालणारी सहलीची शेगडी घे. दोन्ही फक्त बाहेर, उघड्यावर वापरायची. पाऊस आहे म्हणून गॅरेजमध्ये नेऊन दार लावलंस तर त्यातून होणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि माणसं झोपेत जातात. बाकी बॅटरी, बॅटरीवरचा रेडिओ, आणि मसाल्याच्या डब्यात शंभर-दीडशे डॉलरच्या सुट्या नोटा. माझ्या हळदीच्या वाटीखाली असतात.

मिक्सर आण, वीज इथेही २३० व्होल्टचीच आहे, फक्त प्लगची पिन वेगळी. कुकरचं मात्र थांब. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही, साध्या विजेच्या शेगडीवर आणि बार्बेक्यूवर तापतो. तेव्हा तुमच्या घराच्या एजंटला विचारून शेगडी कसली आहे ते मला कळव, मग कुठला घ्यायचा ते सांगते. रबर आणि शिट्टीखालचा व्हॉल्व्ह दोन-दोन जास्तीचे आत्ताच घेऊन ठेव.