ट्यूब देण्याआधी एर्गोस्टेरॉल समजून घे

प्रिय बेटा,

वरुडजवळ गावातच मेडिकल सुरू करतेयस, हे वाचून फार बरं वाटलं. बुरशीवरची एवढी औषधं ध्यानात कशी ठेवू, असं तू विचारलंस. पाठांतराच्या मागे लागू नकोस. यातली बहुतेक औषधं एकाच पदार्थाभोवती फिरतात: एर्गोस्टेरॉल. औषध नेमकं कुठे जाऊन बसतं हे कळलं, की कुणाला काय द्यायचं नाही तेही कळतं.

आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. सांगाडा जवळपास तोच. एर्गोस्टेरॉलमध्ये दोन दुहेरी बंध आणि एक मिथाइल गट जास्त. बुरशी मारायची आणि माणूस वाचवायचा, तो एवढ्याशा फरकाच्या भरवशावर.

ॲम्फोटेरिसिन बी हे औषध 1950 च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. ते थेट एर्गोस्टेरॉललाच धरतं. आवरणाला भोकं पडतात, पोटॅशियम झिरपून जातं आणि बुरशी मरते, असं आम्ही शिकलो. 2014 मध्ये वेगळंच चित्र पुढे आलं: औषधाचे रेणू आवरणाबाहेर गोळा होतात आणि आतलं एर्गोस्टेरॉल ओढून घेतात. भोकं पडतात, पण बुरशी मरते ती मुख्यतः एर्गोस्टेरॉल गेल्यामुळे. कोलेस्टेरॉललाही ते काही प्रमाणात धरतं, म्हणून किडनी जपावी लागते. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसची, म्हणजे ‘काळ्या बुरशी’ची, साथ असताना हेच इंजेक्शन आपल्या वर्ध्यात तयार होऊ लागलं, याचं मला आजही अप्रूप आहे. त्या रुग्णांना फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं नेहमीचं औषध देऊन भागत नव्हतं, कारण ते ज्या एन्झाइमवर (पेशीतली कामं घडवून आणणाऱ्या प्रथिनावर) बसतं त्याची घडणच म्युकरच्या बुरशीत वेगळी असते.

तुझ्या काउंटरवर मात्र येणार नायटा आणि गजकर्ण. बुरशी स्क्वालीन नावाच्या कच्च्या मालापासून टप्प्याटप्प्याने एर्गोस्टेरॉल बनवते. पाटाला वरच बांध घातला तर खालचं वावर कोरडं राहतं आणि वर पाणी तुंबतं, तसं टर्बिनाफिनचं काम. ते स्क्वालीन इपॉक्सिडेज हे एन्झाइम अडवतं. एर्गोस्टेरॉल मिळेनासं होतं, आणि साचलेलं स्क्वालीन बुरशीला विषारी ठरतं. क्लोट्रिमॅझोल, फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही ॲझोल घराण्यातली औषधं पुढच्या टप्प्यावर, लॅनोस्टेरॉल या मधल्या पदार्थापाशी अडवतात.

आता आपल्याकडे ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी पसरली आहे. तिच्या अनेक नमुन्यांत स्क्वालीन इपॉक्सिडेजमधलं 397 व्या जागचं एक अमिनो आम्ल बदललेलं सापडतं, आणि मग टर्बिनाफिन तिथे नीट बसतच नाही. अशा रुग्णाला तीच गोळी पुन्हा पुन्हा देण्यात अर्थ नसतो. त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठव.

पावसाळ्यात निंदणाला जाणाऱ्या बाया दिवसभर ओल्या लुगड्यात असतात. परकराच्या नाडीखाली कमरेला गोल चट्टा येतो, कडा लाल आणि खरबरीत, मधली कातडी मात्र जरा बरी दिसणारी. त्यातली एखादी येऊन म्हणेल, “मॅडम, ते मागच्यावाली ट्यूब द्या न.” मागच्यावाल्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा क्लोबेटासोल असतं, सोबत बुरशीचं एक औषध आणि एक अँटिबायोटिक. क्लोबेटासोल हे स्टेरॉइड एर्गोस्टेरॉलला काहीच करत नाही. ते कातडीची प्रतिकाराची धडपड दाबतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आणि बुरशी निवांत पसरते. पुढे चट्ट्याचं रूपच असं पालटतं की डॉक्टरही चकतात. ही ट्यूब चिठ्ठीशिवाय देऊ नकोस. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं तर जाऊ दे. घरात आणखी कुणाला खाज आहे का, टॉवेल एकच वापरता का, एवढं मात्र तिला जाण्याआधी विचार.

तुझ्या बाबांसाठीही एक गोष्ट आहे. संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळायला लागला की बरेच जण हेक्झाकोनॅझोल फवारतात. तेही याच ॲझोल घराण्यातलं. पण डिंक्या होतो तो फायटोप्थोरामुळे, आणि फायटोप्थोरा खरी बुरशी नाहीच. तो स्वतः एर्गोस्टेरॉलसारखं कुठलंच स्टेरॉल बनवत नाही, लागेल तेवढं झाडाकडून घेतो. जे कामच तिथे चालत नाही ते औषध अडवणार काय? म्हणून तिथे मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिल लागतं. रोगट साल खरडून बोर्डो मलम लावायचं, आणि बुंध्याशी पाणी साचू द्यायचं नाही.

ॲझोल देताना आणखी एक सांभाळ. ज्या एन्झाइमला ती अडवतात, त्याच्या कुळातली एन्झाइमं आपल्या यकृतातही असतात आणि इतर औषधांचा निचरा तीच करतात. चिठ्ठीत फ्लुकोनॅझोल असेल आणि माणूस शुगरसाठी ग्लिमेपिराइड घेत असेल, तर शुगर एकदम उतरू शकते. इट्राकोनॅझोलसोबत सिमव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी तर अजिबात नको. अशी जोडी दिसली की औषध हातात देण्याआधी डॉक्टरांना फोन लाव. इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल पोटात आम्ल असल्याशिवाय नीट शोषली जात नाही. भरपेट जेवणानंतर घ्यायला सांग, आणि रुग्ण ॲसिडिटीची गोळी घेतो का, ते आधी विचारून घे.

तुझे सर