संख्याशास्त्र सोडून भूगर्भात कशाला?

प्रश्न: मुलगी बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. डेटा सायन्सऐवजी भूविज्ञानातल्या ‘इन्व्हर्स प्रॉब्लेम’साठी सॅम्पलिंगच्या पद्धती सुधारायच्या म्हणते. यात पुढे काय आहे? एक पालक, कऱ्हाड

उत्तर: ती संख्याशास्त्र सोडत नाहीये, हे आधी लक्षात घ्या. कलिंगड घेताना आपण टिचकी मारून आतलं ओळखतो. भूकंपलहरींवरून जमिनीखालचे थर ओळखणं त्याच जातीचं. असं परिणामावरून कारण शोधणं म्हणजेच ‘इन्व्हर्स प्रॉब्लेम’. पंचाईत अशी की वेगवेगळ्या रचनांमधून जवळपास सारखाच ‘आवाज’ येतो. म्हणून एकच उत्तर छातीठोकपणे न सांगता, मोजमापांशी जुळणाऱ्या हजारो रचना गोळा करायच्या आणि कशाची खात्री किती ते मांडायचं. इथलं सॅम्पलिंग हे. मतदारांच्या पाहणीतलं नव्हे.

मूळ पद्धत मेट्रोपोलिस, 1953 ची. रचनेत थोडा बदल करायचा, तो मोजमापांशी जुळतो का ते तपासायचं, स्वीकारायचा नाहीतर आहे तिथेच थांबायचं. पाऊल फार लहान ठेवलं तर जवळजवळ प्रत्येक बदल मंजूर होतो, पण अशा पावलांची साखळी एकाच जागी घुटमळत बसते. फार मोठं ठेवलं तर सगळंच नामंजूर. त्यात दर पावलाला लहरींचं गणित नव्याने करावं लागतं, आणि ते त्रिमितीय असेल तर मोठ्या संगणकालाही घाम फुटतो. उताराची दिशा पाहून लांब पाऊल टाकणारी हॅमिल्टोनियन पद्धत यावरचाच एक तोडगा. थर किती, हेसुद्धा मोजमापांनाच ठरवू देणाऱ्या पद्धती आहेत. तुमच्या मुलीला शिरायचंय ते इथे.

माझं मत विचाराल तर एम.एस्सी. संख्याशास्त्रातच करावी. जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी मुंबई किंवा कानपूर. भूभौतिकीकडे पीएच.डी.ला वळता येतं, हैदराबादची एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) आहेच. मात्र लहरींचं भौतिकशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग आतापासून हवं. पाच-सहा वर्षं फेलोशिपवर काढावी लागतील, ते घरच्या हिशेबात धरा. नाहीच जमलं, तर हेच कौशल्य विमा आणि औषध कंपन्यांत चालतं.

आणि तुम्ही तर कऱ्हाडचे! कोयनेच्या 1967 च्या 6.3 तीव्रतेच्या भूकंपामुळे तिथे पुढे सुमारे 3 किलोमीटर खोल विवर खणलं गेलं. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपून खाली ग्रॅनाइट लागला. वरून बांधलेला अंदाज खरा की खोटा, हे असं ताडून पाहायची संधी क्वचितच मिळते. ते काम पाहणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा कऱ्हाडलाच आहे. परवानगी काढून तिला एकदा घेऊन जा.

तोवर तिला सांगा, कुठलीही तयार कोड-लायब्ररी न घेता दोन थरांसाठी मेट्रोपोलिस पायथॉनमध्ये स्वतः लिही. महिनाभराने पत्र तिनेच पाठवावं. साखळी कुठे अडकली, तेवढंच लिहिलं तरी चालेल.