वाकडचा फ्लॅट की कोथरूडचा? भाडेकरारावर सही करण्यापूर्वी

प्रश्न : आम्ही पती-पत्नी नांदेडहून पुण्यात राहायला येत आहोत. माझी नोकरी हिंजवडीत आहे, पतींची खराडीत. वाकडला एक नवा फ्लॅट पसंत पडला. मालक दुबईत असतात आणि व्यवहार त्यांचे भाऊ पाहतात. भाडे २४,००० आणि अनामत तीन महिन्यांची, म्हणजे ७२,००० रुपये ठरली आणि नोंदणीकृत करार करू असे व्हॉट्सॲपवर कबूल झाल्यावर आम्ही १५,००० रुपये टोकन दिले. आता भाऊ म्हणतात की अनामत पाच महिन्यांची लागेल आणि करार ११ महिन्यांचा असल्याने नोटरी पुरेशी आहे. दुसरा फ्लॅट कोथरूडला एका जुन्या सोसायटीत आहे. भाडे २२,००० रुपये आहे आणि मालकीणबाई नोंदणीला तयार आहेत, परंतु ती इमारत पुनर्विकासाला जाणार असे शेजारी सांगतात. आम्ही कोणते घर घ्यावे? आणि टोकन बुडेल का?

उत्तर : आपल्या हकिगतीवरून माझे मत कोथरूडच्या बाजूचे आहे. पुनर्विकासाची शंका खरी असली तरी करारात तिची तजवीज करता येते. वाकडला मात्र ज्यांच्याशी करार व्हायचा तो माणूस समोर नाही आणि जो समोर आहे तो पैसे हातात पडताच ठरलेल्या अटी बदलतो आहे.

आधी नोटरीविषयी. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचे भाडेपट्टे नोंदवावे लागतात आणि त्यातूनच ११ महिन्यांची प्रथा रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र या प्रथेचा आधार घेऊन नोंदणी टाळता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (भाडेकरूचा हक्क न देता केवळ ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा) करारही लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मग त्याची मुदत कितीही असो. ही जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे आणि ती न पाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरावे असेही हे कलम सांगते. परंतु हे संरक्षण न्यायालयात गेल्यावरच उपयोगी पडते आणि नव्या शहरात संसार मांडणाऱ्या दोघांनी त्याच्या भरवशावर घर घेऊ नये.

नोंदणी टाळावी इतका तिचा खर्चही नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वार्षिक दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. वाकडच्या मूळ अटी धरल्या तर ११ महिन्यांचे भाडे २,६४,००० आणि अनामतीवरील व्याज ६,६००, म्हणून शुल्क सुमारे पावणेसातशे रुपये येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये आहे. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ही नोंदणी घरबसल्या होते. एवढ्या रकमेसाठी कोणी नोंदणीला नकार देत असेल, तर त्यामागचे कारण पैसे हे नसावे आणि ते विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

वाकडच्या व्यवहारात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती भावाच्या सहीची. मालकाने करार करण्याचे अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र दिले असल्याशिवाय भावाची सही मालकावर बंधनकारक नाही. उद्या अनामत परत मागताना मालक ‘मी कोणालाच अधिकार दिला नव्हता’ म्हणाले तर आपण कोणाच्या दारात उभ्या राहणार? परदेशात केलेले असे पत्र राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत येथे मुद्रांकित करून घ्यावे लागते. याशिवाय मालक आयकराच्या दृष्टीने अनिवासी असतील तर भाड्यातून कर कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी भाडे देणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर, येते. ही गोष्ट एजंट सहसा सांगत नाहीत आणि पुढे नोटीस आली की ती भाडेकरूच्या नावाने येते.

टोकनचे पैसे आपण परत मागू शकता. अनामतीची रक्कम आणि नोंदणी या दोन मूळ अटींवर आता एकमत राहिलेले नाही आणि ते समोरच्या बाजूने मोडले आहे. व्यवहारातून आपण माघार घेतली असे म्हणण्यास त्यांना जागा नाही. म्हणूनच फोनवर चिडून ‘आम्हाला घरच नको’ असे बोलू नये. ‘ठरल्याप्रमाणे ७२,००० अनामत आणि नोंदणीकृत करार यांस आम्ही तयार होतो, आपण अटी बदलल्याने टोकन परत करावे’ असेच लिहावे. व्हॉट्सॲपवरील मजकूर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून देता येतो. त्यामुळे तो फोन विकू नका आणि चॅट पुसू नका.

आता कोथरूड. जागेच्या दृष्टीने ते दोघांच्या मधले आहे : पतींना वनाझहून मेट्रोने रामवाडीपर्यंत जाऊन पुढे खराडी गाठता येईल आणि आपल्याला चांदणी चौकाकडून हिंजवडीला जाता येईल. पुनर्विकासाची ‘चर्चा’ कोथरूडमधील कितीतरी जुन्या सोसायट्यांत वर्षानुवर्षे चालू असते, म्हणून शेजाऱ्यांच्या बोलण्यावर न थांबता सोसायटीच्या सचिवांना तीन गोष्टी विचाराव्यात : सर्वसाधारण सभेत विकासकाची निवड झाली आहे का, त्याच्याशी विकसन करारनामा नोंदवला आहे का, आणि महापालिकेकडून नकाशे मंजूर झाले आहेत का. तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल तर ते घर घेऊ नये. पहिलेच ‘नाही’ असेल तर वर्ष-दीड वर्ष तरी इमारत हलेल असे मला वाटत नाही.

एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. लायसन्सवर राहणाऱ्याला पुनर्विकासात कसलाही हक्क मिळत नाही. विकासक जे पर्यायी भाडे आणि सामान हलवण्याचा खर्च देतो, तो सभासदाला, म्हणजे मालकीणबाईंना. मुदतीपूर्वी आपला दोष नसताना घर सोडावे लागले तर भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६४ खाली भरपाई मागता येते, पण तेवढ्यासाठी दावा लढण्यापेक्षा करारातच लिहून घेणे शहाणपणाचे. इमारत रिकामी करावी लागल्यास किमान दोन महिन्यांची लेखी सूचना, त्या प्रसंगी लॉक-इन (ठरावीक काळाआधी घर न सोडण्याची अट) लागू न होणे, आणि किल्ली देताच त्याच दिवशी पूर्ण अनामत परत, ही तीन वाक्ये मसुद्यात असली पाहिजेत.

अनामतीबद्दल मी मुद्दाम आग्रह धरतो आहे. मुदत संपल्यावर घर सोडले नाही तर मालकाला भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा घेता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाईही मिळते; राहणाऱ्याला मात्र अडकलेल्या अनामतीसाठी दिवाणी न्यायालयाचीच वाट धरावी लागते. त्यामुळे ‘रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापले जाईल’ अशी छापील ओळ मसुद्यात असेल तर ती काढायला लावा आणि नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून प्रत्यक्ष नुकसानच कापता येईल असे लिहून घ्या. ताबा घेताना बाथरूमच्या भिंतीवरची ओल, खिडकीची तुटकी कडी, गिझर आणि महावितरणच्या मीटरवरील आकडा यांचे तारखेसह फोटो काढून ते त्याच दिवशी मालकीणबाईंना पाठवावेत.

करारात आपल्या दोघांची नावे असावीत. बहुतेक जोडपी सोयीसाठी नवऱ्याचे एकट्याचे नाव घालतात, परंतु आपण दोघेही कमावता, भाडे दोघे मिळून भरणार आहात, आणि बँक, गॅस, आधार यांसाठी राहण्याचा पुरावा प्रत्येकाला स्वतःच्या नावाने लागतो. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे हे घरमालकाचे काम आहे. त्याची पोच मागून घ्या.

अनामत रोखीने देऊ नका. ती बँकेतून, मालकीणबाईंच्याच खात्यात, अंगठ्याचे ठसे होतील त्या दिवशी द्यावी. एजंटच्या खात्यात मुळीच नको. वाकडला टोकन परत मागणारा संदेश मात्र कोथरूडचा करार होण्याची वाट न पाहता आजच पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या, आणि तेच पत्र स्पीड पोस्टाने भावाच्या पत्त्यावर पाठवून पावती जपून ठेवा.